आणि ते दोघं बरोबर चालत गेले

बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात अब्राहाम आपल्या मुलाला घेऊन मोरियाच्या मुलखाकडे निघतो. इसहाकचा होमबली दे, असं देवाने त्याला सांगितलेलं आहे. इसहाकला यातलं काहीच सांगितलेलं नाही. तिसऱ्या दिवशी ती जागा लांबून दिसते. अब्राहाम बरोबरच्या गड्यांना गाढवापाशी थांबवतो, होमाची लाकडं मुलाच्या अंगावर देतो, विस्तव आणि सुरी स्वतःच्या हातात घेतो. मग हिब्रूत तीन शब्द येतात : 'वय्येल्खू श्नेहेम यख्दाव'. आणि गेले, ते दोघं, बरोबर.

चालता चालता मुलगा म्हणतो, बाबा. बाप म्हणतो, 'हिन्नेनी, ब्नी', हा मी इथे आहे, बाळा. मुलगा म्हणतो, विस्तव आहे, लाकडं आहेत, होमासाठी कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, होमासाठी कोकरू देव स्वतःच बघेल, बाळा. आणि पुन्हा तेच तीन शब्द. आणि गेले, ते दोघं, बरोबर.

या दोन सारख्या वाक्यांच्या मध्ये काय घडलं? मुलाला कळलं का? मूळ संहिता एक अक्षर बोलत नाही. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावी बसून भाष्य लिहिणाऱ्या राशी नावाच्या ज्यू पंडिताला वाटलं, की दुसऱ्या वेळी इसहाकला सगळं उमगलं होतं आणि तरीही तो बापाइतक्याच मनाने चालला. राशीने हे लिहिलं ते भाष्यात. ओळीत त्याने काही घातलं नाही, कारण ती ओळ तशी ठेवली तरच तो प्रश्न उरतो.

मी पोटापाण्यासाठी भाषांतर करते. विम्याची पत्रकं, औषधांसोबतची माहितीपत्रकं, कोर्टाचे कागद, असलं काम. त्यात स्पष्टपणा म्हणजे सगळं काही. गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, याबद्दल वाचणाऱ्याच्या मनात तिळभरही शंका उरता कामा नये. एकच वाक्य दोनदा आलं तर मी एक काढून टाकते. हिब्रू मी उशिरा, निव्वळ हौसेने शिकायला घेतली. मी ज्यू नाही आणि ख्रिस्तीही नाही. पण तेव्हापासून उत्पत्ती, स्तोत्रं, ईयोब वाचताना शेजारी चार-पाच इंग्रजी भाषांतरं उघडून ठेवायची सवय लागली, आणि 'स्पष्ट इंग्रजी' या दोन शब्दांनी मला जितकं छळलं तितकं कुठल्याच व्याकरणाने छळलं नाही. या ग्रंथाची बहुतेक सगळी आधुनिक इंग्रजी भाषांतरं प्रस्तावनेत तेच वचन देतात. कोणाला काय स्पष्ट करायचं आहे, हे मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं.

पुन्हा त्या डोंगराकडे जाऊ. 'हिन्नेनी' हा शब्द या अध्यायात अब्राहाम तीनदा उच्चारतो. आधी देव हाक मारतो तेव्हा, मग मुलगा हाक मारतो तेव्हा, आणि शेवटी सुरी उचललेली असताना आकाशातून दूत हाक मारतो तेव्हा. तिन्ही हाकांना एकच उत्तर आहे. माझ्या मते या गोष्टीचा कणा तोच आहे. देवालाही 'हा मी इथे आहे' आणि ज्याला मारायला निघालोय त्यालाही 'हा मी इथे आहे'. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात पहिल्या हाकेला 'बिहोल्ड, हिअर आय ॲम' आणि पुढच्या दोन्ही हाकांना 'हिअर ॲम आय' आहे, म्हणजे शब्द तिन्ही ठिकाणी तेच, क्रम तेवढा वेगळा. १९७८ साली पूर्ण झालेल्या आणि आज प्रचंड खपणाऱ्या न्यू इंटरनॅशनल व्हर्शनमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या हाकेला 'हिअर आय ॲम' आहे आणि मधल्या हाकेला 'येस, माय सन?' इंग्रजी घरातला बाप असंच बोलेल, वाक्य नैसर्गिक आहे, कुठेही अडखळायला होत नाही. पण बापाने देवाला दिलेलं उत्तरच मुलालाही दिलं, हे त्या भाषांतरात वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही.

आणखी एक. 'कोकरू देव स्वतःच बघेल, बाळा' या वाक्यात 'ब्नी' हा शब्द अगदी शेवटी आहे. जुन्या हिब्रू लेखनात स्वल्पविराम नव्हता. ते संबोधन म्हणून वाचलं तर बाप मुलाला धीर देतो आहे. थोडं थांबून वाचलं तर कोकरू कोण, हेच तो सांगून बसतो. इंग्रजीत स्वल्पविराम द्यावाच लागतो. इथे निदान शब्दांचा क्रम तसाच ठेवता येतो आणि बहुतेकांनी तो ठेवलाही आहे. मग सगळं निभावल्यावर, एकोणिसाव्या ओळीत, अब्राहाम गड्यांकडे परत येतो आणि ते उठून 'यख्दाव', बरोबर, बैर-शेबाला जातात. 'यख्दाव' तिसऱ्यांदा आला आहे. इसहाकचं नाव त्या ओळीत नाही. तो कुठे गेला, कोणी सांगत नाही. भाषांतरकाराने 'बरोबर' हा शब्द तिन्ही ठिकाणी सारखा ठेवला असेल तरच ही रिकामी जागा वाचकाला दिसते.

हे सगळं थेट हिब्रूतून इंग्रजीत पहिल्यांदा उतरवलं विल्यम टिंडलने. त्याच्याबद्दल लिहिताना मला हात आखडता घेता येत नाही. इंग्लंडमधून ज्यूंना १२९० मध्येच घालवून दिलेलं होतं, त्यामुळे त्याच्या देशात हिब्रू शिकवणारं जवळजवळ कोणी नव्हतं. चर्चच्या परवानगीशिवाय इंग्रजी बायबल करणं हा गुन्हा होता. टिंडल युरोपात पळाला, तिथे हिब्रू शिकला आणि १५३० मध्ये त्याने मोशेची पाच पुस्तकं, म्हणजे बायबलची पहिली पाच, इंग्रजीत छापली. नांगर हाकणाऱ्या पोरालाही शास्त्र कळलं पाहिजे, हा त्याचा ध्यास. १५२८ मध्ये त्याने लिहून ठेवलं, की हिब्रूचे गुण लॅटिनपेक्षा इंग्रजीशी हजारपटीने जुळतात. कितीतरी ठिकाणी शब्दाला शब्द ठेवला की काम होतं.

हे धाडसाचं विधान होतं, आणि मला वाटतं, बरंचसं खरंही होतं. बायबलची हिब्रू छोट्या वाक्यांची भाषा आहे. 'आणि' म्हणायचं, क्रियापद ठेवायचं, पुढे जायचं. 'जेव्हा', 'कारण', 'जरी', 'त्यामुळे' असल्या सांध्यांचा वापर फार कमी. आणि तो उठला, आणि लाकडं फोडली, आणि निघाला. कशामुळे, कशासाठी, मनात काय होतं, ते वाचणाऱ्याने भरायचं. लॅटिन वळणाच्या वाक्यात ही घटनांची रांग मोडून एकीला प्रधान आणि दुसरीला गौण करावं लागतं. टिंडलच्या साध्या, शेतकरी इंग्रजीला तसं करावं लागलं नाही. 'लेट देअर बी लाइट' हे त्याचेच शब्द. 'मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय' हे भावाला मारून आलेल्या काइनाचं उत्तर इंग्रजीत आजही ज्या शब्दांत सांगितलं जातं, तेही त्याचे. 'पासओव्हर' (ज्यूंचा वल्हांडण सण) आणि 'स्केपगोट' (लोकांची पापं वाहून नेणारा बकरा) हे शब्द त्याने घडवले. किंग जेम्सच्या मंडळींनी त्याचं फार मोठं देणं उचललं आहे.

१५३५ मध्ये अँटवर्पला दगाफटका होऊन तो पकडला गेला आणि व्हिल्व्होर्डच्या किल्ल्यात कोंडला गेला. तिथून त्याने लॅटिनमध्ये लिहिलेलं एक पत्र शिल्लक आहे. थंडीसाठी जाड टोपी, अंगातला उबदार कोट, पायमोज्यांना ठिगळ लावायला कापड आणि संध्याकाळी एक दिवा मिळावा, अंधारात एकटं बसणं जड जातं, असं तो लिहितो. आणि सगळ्यात कळकळीची विनंती : हिब्रू बायबल, हिब्रू व्याकरण आणि हिब्रू शब्दकोश. १५३६ च्या ऑक्टोबरात त्याचा गळा आवळून देह जाळला. त्याने मागितलेल्या तीन पुस्तकांची यादी मी कितीदा वाचली असेल. मरण समोर दिसत असताना ज्याला शब्दकोश हवा होता, त्या माणसाच्या 'स्पष्ट' या कल्पनेवर माझा विश्वास आहे.

टिंडललाही सगळीकडे शब्दाला शब्द ठेवता आला नसता, कारण या भाषेत शरीर फार आहे. देव रागाला मंद आहे, हे 'निर्गम' या दुसऱ्या पुस्तकाच्या चौतिसाव्या अध्यायात 'एरेख अप्पायिम' असं येतं, म्हणजे 'नाकपुड्यांनी लांब'. राग आला की नाक तापतं. ज्याचं नाक लांब त्याला तापायला वेळ लागतो. आपण मराठीत एखाद्याच्या नाकावर राग असतो म्हणतो, तेव्हा मराठी वाचकाला हे चटकन भिडावं. इंग्रजीत 'लाँग ऑफ नोज' लिहिलं तर हसू होईल. किंग जेम्सने 'लाँगसफरिंग' केलं, पुढच्यांनी 'स्लो टु अँगर'. दोन्ही बरोबर. नाक मात्र गेलं, आणि त्याबरोबर देवाला अंग असल्यासारखं बोलणारी ती जुनी, निर्भय भाषाही थोडी गेली.

'नेफेश' या शब्दाचं प्रकरण याहून गंभीर आहे. किंग जेम्समध्ये तो बहुतेक वेळा 'सोल' होतो, आत्मा. पण हिब्रूत नेफेश म्हणजे गळा, श्वास, जिवंतपणा, भूक, आख्खा माणूस. देहातून वेगळा निघून जाणारा आत्मा ही कल्पना त्या शब्दात नाही. ती ग्रीक विचारातून नंतर येऊन चिकटली. एकोणसत्तराव्या स्तोत्रात बुडणारा माणूस ओरडतो, की पाणी नेफेशपर्यंत आलंय. १६११ मध्ये त्याचं झालं 'पाणी माझ्या आत्म्यात शिरलंय'. वाचणाऱ्याला वाटतं काही गूढ आध्यात्मिक संकट आहे. न्यू इंटरनॅशनलने तिथे सरळ 'मान' म्हटलं. पाणी गळ्याशी आलं. इथे स्पष्ट इंग्रजीने वाचकावर उपकार केले, हे मान्य करायलाच हवं. रॉबर्ट आल्टरने, ज्याने एकट्याने आख्खी हिब्रू बायबल इंग्रजीत आणली आणि २०१८ मध्ये तीन खंडांत पूर्ण केली, 'सोल' हा शब्दच टाळला. त्याने कुठे गळा केलं, कुठे जीव, कुठे 'माझं सगळं असणं'. मला त्याच्या जागी मराठीतला 'जीव' देऊन टाकावासा वाटतो. जीव तहानतो, जीव जडतो, जीव घाबरतो, जीव घेतात, जीव देतात. इंग्रजीकडे असा एक शब्द नाही, म्हणून तिथे एका नेफेशचे पाच तुकडे होतात.

बायबलच्या हिब्रूत एकंदर शब्द सुमारे आठ हजार. त्यातले जवळपास दीड हजार आख्ख्या ग्रंथात एकदाच येतात. पक्षी, रत्नं, झाडं, हत्यारं, कपड्यांचे प्रकार. तुलना करायला दुसरं वाक्य नसतं. किंग जेम्सच्या प्रस्तावनेत माइल्स स्मिथने हे उघडपणे लिहिलं : काही शब्दांना ना भाऊ आहे ना शेजारी. अशा ठिकाणी पानाच्या समासात दुसरा अर्थ देऊन वाचकाला सावध करणं बरं, असं त्याचं म्हणणं. लाडक्या योसेफाला बापाने दिलेला तो प्रसिद्ध रंगीबेरंगी झगा अशाच एका दुर्मीळ शब्दावर उभा आहे. 'कतोनेत पस्सीम'. 'पस्सीम' म्हणजे नक्की काय, हे पुराव्याने सांगता येत नाही. रंग जुन्या ग्रीक भाषांतरातून आले. आता कोणी लांब बाह्यांचा म्हणतं, कोणी नक्षीचा. शाळेच्या नाटकात मात्र झगा रंगीतच राहील, आणि राहू दे.

त्यात स्वरांची अडचण. मूळ लिपीत व्यंजनंच लिहायची. स्वरांच्या खुणा लावल्या त्या मसोरा परंपरेच्या, म्हणजे मूळ संहिता जपणाऱ्या, ज्यू पंडितांनी, साधारण सातव्या ते दहाव्या शतकात. गालील सरोवराकाठच्या तिबेरियास गावातल्या घराण्यांची पद्धत टिकली. त्याआधी वाचायची रीत तोंडातोंडी चालत आली होती. इसहाकचा मुलगा याकोब म्हातारपणी मरणाच्या उंबरठ्यावर नमन करतो, ते कशाच्या माथ्यावर वाकून? म, ट, ह ही तीन व्यंजनं आहेत. 'मिट्टा' वाचलं तर पलंग, 'मट्टे' वाचलं तर काठी. मसोरा पलंग म्हणते. त्याच्या कितीतरी शतकं आधीचं ग्रीक भाषांतर काठी म्हणतं, आणि नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राने तेच उचललं. किंग जेम्समध्ये म्हणून उत्पत्तीत याकोब पलंगाशी वाकतो आणि इब्रीकरांच्या पत्रात काठीवर टेकतो, दोन्ही एकाच बांधणीच्या आत. न्यू इंटरनॅशनलने उत्पत्तीतही काठी केली. विसंगती मिटली. मला ती मिटवणं पटत नाही. शेकडो वर्षांपूर्वी दोन गावांतली माणसं एकच ओळ दोन तऱ्हांनी वाचत होती, याचा तो पुरावा होता. खाली बारीक टीप आहे म्हणा. टिपा वाचणारी माणसं किती असतात ते मला धंद्यामुळे माहीत आहे.

आणि काही वेळा अडचण भाषेची नसतेच. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या सातव्या अध्यायात 'अल्मा' म्हणजे तरुण स्त्री. ग्रीक भाषांतराने तिथे कुमारिका केलं आणि ख्रिस्तजन्माची भविष्यवाणी त्यावर उभी राहिली. १९५२ च्या रिवाइज्ड स्टँडर्ड व्हर्शनने 'तरुण स्त्री' छापलं, तेव्हा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका पाद्र्याने ते पान जाहीरपणे जाळलं.

विसाव्या शतकात युजीन नायडा या भाषाशास्त्रज्ञाने अमेरिकन बायबल सोसायटीत बसून एक विचार मांडला : मूळ वाचणाऱ्यावर जो परिणाम झाला तोच आजच्या वाचणाऱ्यावर झाला पाहिजे, शब्दरचना बदलली तरी चालेल. त्यातून १९७६ ची गुड न्यूज बायबल पुरी झाली. ज्यांची इंग्रजी शिकलेली आहे, आईकडून आलेली नाही, अशांना ती फार जवळची वाटली. मलाही सुरुवातीला तिचाच आधार होता आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण मूळ वाचणाऱ्यावर काय परिणाम झाला, हे कोण ठरवणार? ते दोघं दुसऱ्यांदा बरोबर चालत गेले, तेव्हा यरुशलेममधल्या श्रोत्याचा श्वास अडकला की त्याने मान डोलावली? याचं उत्तर भाषांतरकार स्वतःच्या मनातून काढतो आणि ओळीत घालतो. आल्टर या समजावून सांगण्याच्या सोसाला पाखंड म्हणतो. शब्द कडक आहे, पण मी त्याच्या बाजूची आहे.

एव्हरेट फॉक्स उलट टोकाला गेला. मार्टिन बूबर आणि फ्रान्झ रोझेनझ्वाइग यांनी १९२५ मध्ये जर्मनमध्ये सुरू केलेल्या आणि रोझेनझ्वाइगच्या मरणानंतर बूबरने १९६१ मध्ये पुऱ्या केलेल्या भाषांतराच्या वाटेने जाऊन त्याने १९९५ मध्ये पाच पुस्तकं इंग्रजीत आणली. ती मोठ्याने वाचायची. एका हिब्रू धातूला शक्यतो एकच इंग्रजी शब्द, नावं हिब्रू उच्चारांतच, वाक्यं ओळी-ओळींत तोडलेली. इंग्रजी दुखते, कुरकुरते. सलग दोन पानं वाचून मी दमते. तरी एखाद्या शब्दाचा पाठलाग करायचा असेल तेव्हा मी त्याच्याकडेच जाते.

हे वाचताना आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं, त्या बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल मराठीत आणलं, आणि ते करताना संस्कृतप्रचुर शब्द जाणूनबुजून दूर ठेवले. त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या, अक्षरओळख नुकतीच झालेल्या बायकांना कळलं पाहिजे, हा हेतू. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आयुष्यभर ज्या भाषेत अधिकार मिळवला तिची झूल उतरवून ठेवणं हे कोणत्याही नव्या भाषेच्या अभ्यासाइतकंच अवघड असणार. साधेपणाची आणि मुळाशी इमानाची अशी जोडी टिंडलनंतर मला त्यांच्यातच दिसते. आणि कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आपले मराठी ज्यू, तर हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी ठेवूनच जगत होते. १८७४ मध्ये पुण्यात छापलेल्या त्यांच्या हगाद्यात, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या पोथीत, दोन्ही भाषा आहेत, आणि चित्रांत बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका आपल्या इकडच्या वेशात आहेत. भाषांतर वाचताना मूळ डोळ्यांसमोर असण्याचं ते सुख इंग्रजीतल्या बहुतेक वाचकांना मिळत नाही.

ज्या ओळीने मला सगळ्यात जास्त अडवलं ती ईयोबाच्या पुस्तकात आहे, बेचाळिसाव्या अध्यायातली सहावी. मुलंबाळं, गुरंढोरं, अंगाची कातडी, सगळं गमावलेला ईयोब देवाला जाब विचारतो, मित्रांचे उपदेश फेटाळतो, आणि देव वावटळीतून बोलल्यावर त्याचं शेवटचं वाक्य येतं. हिब्रूत दोन क्रियापदं आहेत. पहिलं 'एम्आस', मी नाकारतो, झिडकारतो. काय नाकारतो, ते लिहिलेलंच नाही, कर्म नाही. दुसरं 'निखाम्ती', म्हणजे पस्तावलो, किंवा मन बदललं, किंवा सांत्वन पावलो. पुढे 'अल आफार वा-एफेर', धूळ आणि राख यांवर, किंवा यांच्याविषयी.

किंग जेम्सने लिहिलं : म्हणून मी स्वतःचा तिरस्कार करतो आणि धूळराखेत पश्चात्ताप करतो. 'स्वतःचा' हा शब्द मुळात नाही, आणि त्या मंडळींनी तो प्रामाणिकपणे वेगळ्या ठशात छापला, वाचकाला कळावं म्हणून की हा आम्ही घातलेला आहे. पुढच्या अनेक भाषांतरांत तो शब्द राहिला आणि वेगळा ठसा गेला. मी हे वाक्य मराठीत करून पाहते तेव्हा कर्माची जागा मोकळी ठेवली की मराठी व्याकरणसुद्धा अस्वस्थ होतं, आणि तरी मी ती मोकळीच ठेवते. कारण लगेच पुढच्या ओळीत देव त्या मित्रांपैकी अलीफजाला सांगतो, की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. जो माणूस यथार्थ बोलला होता, त्याने एक ओळ आधी नेमकं काय झिडकारलं?